न्हाणीच्या टिनांना तत्त्वतः मान्यता

सदर: काकूले विचारा

काकू, नमस्कार.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू वावर आहे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तिच्यात तूर, थोडं सोयाबीन. घरात सासूबाई, हे, धाकटे दीर अन् दोन पोट्टे. मला त्रास आहे तो यांच्या भाषणाचा. १ फेब्रुवारीला हे पानटपरीवर टीव्हीसमोर बसून दिल्लीचं बजेट ऐकून आले, अन् संध्याकाळी अंगणात घरचं बजेट मांडलं. पीककर्जाच्या सोसायटीचं पासबुक आणि कृषी केंद्राची बिलं सासूबाईंच्या जुन्या लाल लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पाऊण तास बोलले. मधात दोनदा पाणी प्यायले. घोषणा झाली की दीर टिनाचा डब्बा वाजवायचे आणि सासूबाई परात.

मी तीन वर्षांपासून एकच गोष्ट मागते, न्हाणीवर टिनं. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं अँगलसकट नऊ हजार सांगितले. पहिल्या वर्षी हे म्हणाले, 'भरीव तरतूद करू.' दुसऱ्या वर्षी 'टप्प्याटप्प्यानं'. यंदा 'तत्त्वतः मान्यता'. दिवाळी गेली, कापूस घरात आला, न्हाणीवर अजून ती फाटकी ताडपत्रीच आहे. वरून माझे लाडकी बहीणचे दीड हजार यांनी भाषणात 'इतर जमा' म्हणून वाचले. दिवसाचे दोन तंबाखूचे खर्रे मात्र बिनचर्चेचे मंजूर. भांडले तर म्हणतात, 'सभागृहाचा अवमान करू नको.' काय करू?

— एक सभागृह

*

पोरी, आधी त्या वेल्डिंगवाल्याला विचार, नऊ हजार कोणत्या जाडीच्या पत्र्याचे. पातळ पत्रा वैशाखाच्या पहिल्या वादळात शेजाऱ्याच्या वावरात सापडतो. हे विचारून ठेव, मग पुढचं वाच.

तुझा नवरा काही वाईट माणूस नाही. तो फक्त भाषण ऐकून आला आहे. हा रोग मला चांगला माहीत आहे. एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात माझी एकतीस वर्षं गेली, आणि सगळी 'तरतूद' या एका शब्दाच्या संगतीनं. तरतूद म्हणजे पैसा नव्हे, हे समजायला मला पहिली सहा वर्षं लागली. तुझ्या लक्षात तीन वर्षांत आलं, म्हणजे तू माझ्यापेक्षा हुशार.

मी लहान होते तेव्हा बजेट फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता यायचं. आमच्या गावात एकच मोठा रेडिओ, तो पाटलांच्या ओसरीवर. त्या दिवशी दुकानदार दुपारपासूनच 'बिडी संपली' म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे त्याच बिड्या नव्या भावानं उगवायच्या. तेव्हा बजेट अंगाला लागायचं. १९९९ मध्ये यशवंत सिन्हांनी वेळ सकाळी अकराची केली, २०१७ पासून तारीख १ फेब्रुवारी झाली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत जीएसटी आला. स्वस्त-महागाची यादी मग बरीचशी जीएसटी परिषदेच्या हातात गेली. भाषण मात्र लांबलंच. २०२० मध्ये ते अडीच तासांच्या वर चाललं, तरी शेवटची पानं वाचायची राहिलीच. आमच्या कचेरीतला शिपाई म्हणाला, 'बाई, आपल्या विदर्भाचं त्याच पानाईत असन.' आणि १९७७ मध्ये हिरुभाई पटेलांनी अंतरिम बजेट मांडलं, ते भाषण आठशे शब्दांच्या आसपासचं. देशाचं काम आठशे शब्दांत भागतं आणि तुझ्या न्हाणीला पाऊण तास पुरत नाही.

लाल फडक्याचं म्हणशील तर तेही दिल्लीचंच. २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी चामड्याची बॅग सोडून लाल कापडातली वही आणली, २०२१ पासून त्या कापडात टॅब असतो. तुझ्या नवऱ्यानं ते टीव्हीवर पाहिलं असणार. एक मात्र विचारते, भाषणाआधी त्यानं हलवा वाटला का? दिल्लीत वाटतात. कढईभर हलवा होतो, मग कागदपत्रं तयार करणारी माणसं भाषण होईस्तोवर आत कोंडून घेतात, घरीसुद्धा जाऊ देत नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत तू शिरा कर आणि यांना बिलांसकट मधल्या खोलीत कोंड. प्रथा आहे म्हणावं.

आता पानटपरीवरचा आनंद बघ. २०२५ च्या बजेटात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत आयकर नाही असं जाहीर झालं, तेव्हा आमच्याही चौकात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकाचंही बारा लाख उत्पन्न नव्हतं, आणि शेतीच्या उत्पन्नाला तर आयकर आधीपासूनच नाही. जो कर आपण कधी भरलाच नाही तो माफ झाल्याचा पेढा वाटला गेला. मीही खाल्ला. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख करणार असंही त्याच भाषणात होतं. त्यावर एक काका माझ्यासमोर म्हणाले, 'आता आपली पत वाढली.' काका, पत नाही, उधारी वाढली. पण ते इतके खूश होते की मी गप्प बसले.

तुझ्या दुखण्याचं मूळ मला सापडलं आहे, आणि ते सरकारी पुस्तकातच आहे. अंदाजपत्रकात एका बाबीपुढे चार रकाने असतात. पहिल्यात गेल्याच्या गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला ते. मग चालू वर्षाचा अंदाज, मग त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, आणि शेवटी येत्या वर्षाचा अंदाज. भाषण होतं ते सगळं चौथ्या रकान्यावर. पेपरात छापून येतो चौथा. डब्बा वाजतो तोही चौथ्यावर. आमच्या विभागात एक जुने लेखाधिकारी होते, ते पुस्तक आलं की चौथ्या रकान्यावर हात ठेवून झाकायचे आणि पहिला वाचायचे. मोठमोठ्या आकड्यांच्या योजना पहिल्या रकान्यात चिमणीएवढ्या झालेल्या दिसायच्या. साहेब कपाळाला हात लावायचे नाहीत, रागवायचे नाहीत. फक्त 'हं' म्हणायचे. त्यांचं ते 'हं' अजून माझ्या कानात आहे.

तू तुझ्या घराचा पहिला रकाना काढ. भांडू नको, वही घे. तुझ्या पत्रात दोन खर्रे रोजचे म्हटलंस, भाव लिहिला नाहीस. वीस रुपये धरू. दिवसाचे चाळीस, वर्षाचे चौदा हजार सहाशे. तीन वर्षांचे त्रेचाळीस हजार आठशे. एवढ्यात न्हाणीवर टिनं, भिंतीला टाइल्स आणि वर पाण्याची टाकी झाली असती, आणि दीर उभा राहून गाणं म्हणत आंघोळ करता. खर्रा राज्यात बंदीचा माल आहे हे आणखी वेगळं. म्हणजे हा खर्च अर्थसंकल्पात दाखवताच येत नाही, म्हणून त्यावर चर्चा होत नाही. अशा खर्चाला काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही, माझी पेन्शन चालू आहे.

पण पहिला रकाना त्याचा एकट्याचा लिहू नको, नाहीतर तो खोडा घालेल. तुझा लिही, सासूबाईंचा लिही. बहिणीच्या लग्नातला आहेर, पोट्ट्यांचा मोबाईल रिचार्ज, बचत गटाचा हप्ता. पोळ्याला बैलांच्या साजावर गेले ते सुद्धा लिही, पण त्याला काट मारू नको. बैलाच्या बेगडावर कपात सुचवणाऱ्या बाईचं गावात कोणी ऐकणार नाही, मीही नाही.

आणि नवऱ्याचा दुसरा भागही बघ. सरकारात एक 'भारित खर्च' असतो, त्यावर सभागृहाचं मतदान होतच नाही. कर्जावरचं व्याज त्यातच. २०२५-२६ च्या केंद्राच्या हिशेबात रुपयातले २४ पैसे उसनवारीतून येणार होते आणि २० पैसे व्याजात जाणार होते. हे वाचलं तेव्हा मला आपली सोसायटी आठवली. मार्च आला की आपण काय करतो? नवं-जुनं. याच्याकडून, त्याच्याकडून, सोनाराकडून चार दिवसांपुरते आणायचे, ३१ मार्चच्या आत सोसायटीत भरायचे म्हणजे व्याजाची सवलत जात नाही, आणि एप्रिलात नवं कर्ज उचलून ज्याचे त्याला द्यायचे. दिल्लीत हेच चालतं, फक्त त्यांना सोनाराकडे जावं लागत नाही. तेव्हा कापूस विकला की आधी सोसायटी, मग कृषी केंद्र, हा त्याचा भारित खर्च. त्यात हात घालू नको. उरलेल्यावर तुझा हक्क सांग.

उरेल किती, हे मात्र त्याच्या हातात नाही, आणि ते कोणत्याच भाषणात नसतं. २०२५ च्या फेब्रुवारीत कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं, आपल्या भागात मोठी चर्चा झाली. मग पोळ्याच्या आठवड्यात, कोणतंही भाषण नाही, लाल फडकं नाही, एक अधिसूचना निघाली आणि परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे आपली बोंडं फुटतात नेमके तेवढे दिवस. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, पण सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. सोयाबीनचा ५,३२८, तो तर बाजारात कागदावरच राहिला. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे दर उतरले, ट्रॅक्टर बाराचा पाच टक्क्यांवर आला. तेही बजेटाबाहेर. अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरात राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज सांगितलं, तेही बजेटाबाहेर. त्यातलं कोणाच्या वावरात किती पोचलं ते ज्याच्या त्याच्या पासबुकाला विचारावं. माझं म्हणणं एवढंच, की ज्यानं तुझ्या घराचं वर्ष हललं त्यातलं काहीच त्या पाऊण तासात नव्हतं. तुझ्या नवऱ्यालाही ते ठाऊक आहे. म्हणूनच तो इतकं बोलतो, असं मला वाटतं. आकडा आपल्या हातात नसला की माणूस शब्द मोठे वापरतो.

बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, ऐकलं असशील. वावरात खड्डा, त्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर घागर, भोवती अठरा धान्यं, पान-सुपारी म्हणजे राजा आणि करंजी म्हणजे देशाची तिजोरी. रात्रभर ते तसंच ठेवतात आणि सकाळी कोणता दाणा कुठं सरकला ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. शास्त्राला ते मान्य नाही, आणि मलाही तूर भेंडवळवर विसंबून पेरावीशी वाटत नाही. पण एक फरक माझ्या मनात कायम राहिला आहे. तिथं मांडणारा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः खड्ड्यात बघायला जातो. बजेट मांडणारे किती जण सकाळी बघायला जातात? आपल्या भाषेतही गंमत बघ. घट मांडतात, बजेट मांडतात, संसार मांडतात. मांडून झाल्यावरचं क्रियापद कोणी शिकवत नाही.

बरं, आता कामाचं. तू पत्र बरोबर वेळेला टाकलंस. फेब्रुवारीची वाट बघू नको. १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन नागपुरात होतं, आणि त्यात दरवर्षी काय येतं? पुरवणी मागण्या. मार्चात जे विसरलं, जे टाळलं, जे नंतर सुचलं, ते डिसेंबरात मागच्या दारानं येतं. तुझी न्हाणी पुरवणी मागणीत टाक. कापसाची गाडी भरायच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, सासूबाई जाग्या असताना. लेखी दे. कागदावर दिलेली मागणी नाकारायला माणसाला लाज वाटते.

'तत्त्वतः मान्यता' मिळाली म्हणून रडू नको. ती पहिली पायरी आहे आणि बहुतेकांचा मुक्काम तिथंच असतो. तिच्यानंतर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यता म्हणजे सासूबाईंचं 'कर बाप्पा' हे सगळ्यांसमोर निघालेलं वाक्य. त्यांचे गुडघे त्याच न्हाणीत घसरायला आलेत हे त्यांच्या कानावर घाल, ती मिळेल. तांत्रिक मान्यता वेल्डिंगवाल्याची, माप घेऊन, जाडी लिहून. एवढं झालं की तुझ्या नवऱ्याला विचार: 'निधी बीम्सवर दिसते का?' बीम्स म्हणजे निधी सुटला की नाही ते दाखवणारी सरकारची संगणक प्रणाली. त्याला ते कळणार नाही. जिल्हा परिषदेतल्या कोणत्याही ठेकेदाराला कळतं. तालुक्यातल्या सभेत मंत्र्यांनी जाहीर केलेला रस्ता जेव्हा त्या संगणकावर दिसत नाही, तेव्हा ठेकेदाराचा चेहरा ताडपत्रीसारखा होतो. मी एकतीस वर्षं ते चेहरे बघितले.

तुझ्यासाठी बीम्स म्हणजे एक डब्बा. कापूस गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला दिला तर पैसा रोख येईल, सीसीआयला दिला तर खात्यात. कसाही येवो, त्याच दिवशी नऊ हजार वेगळे काढायचे आणि त्या डब्ब्यावर नाव लिहायचं. आम्ही याला लेखाशीर्ष म्हणायचो. नाव नसलेला पैसा पंधरा दिवसांत पुनर्विनियोजन होऊन जातो, म्हणजे तुझी टिनं कोणाच्या तरी मांडवाला लागतात. माझ्या कचेरीत एका वर्षी शाळांच्या दुरुस्तीचा पैसा ३१ मार्चच्या रात्री साडेनऊला खर्ची पडला, दुरुस्ती राहून गेली आणि थंड पाण्याची मशीन घेतली. ज्या शाळेला मशीन गेली तिथं वीज नव्हती. दोन वर्षं मुलं त्या मशीनवर दप्तरं ठेवत होती. बिलावर सही माझीही होती, म्हणून सांगते.

लाडकी बहीणच्या पैशाचं त्याला स्पष्ट सांग. दीड हजार तुझ्या नावावर, तुझ्या आधारच्या खात्यात येतात. ती त्याची 'इतर जमा' नाही, तो तुझा संचित निधी. तुझ्या संमतीशिवाय त्यातला रुपया निघत नाही, घटनेत सरकारला जे बंधन आहे तेच. २१०० होणार होते, ते २०२५ च्या राज्याच्या बजेटात आले नाहीत, ३६ हजार कोटींची तरतूद दीड हजाराच्याच दरानं राहिली. त्यामुळे ते सहाशे त्यानं पुढच्या भाषणात धरले तर लगेच टोक.

तरी तो हललाच नाही तर कपात सूचना. संसदेत तिचे तीन प्रकार असतात. धोरणच पटलं नाही तर मागणी एक रुपयावर आणायची. ते तू करू नको, एक रुपयावर आणलेला नवरा घरात ठेवता येत नाही. दुसरी काटकसरीची, तीही राहू दे, घरात आधीच काटकसर आहे. तिसरी फक्त शंभर रुपयांची, एखादं गाऱ्हाणं सांगायला, तिला सांकेतिक कपात म्हणतात. ही आपल्या कामाची. चहात साखर अर्धा चमचा कमी. काही बोलायचं नाही. त्यानं विचारलं, 'आज चहा असा काऊन?' की म्हणायचं, 'टप्प्याटप्प्यानं.' दुसऱ्या दिवशी विचारलं तर, 'साखरेले तत्त्वतः मान्यता हाय.' तिसऱ्या दिवशी तो वेल्डिंगवाल्याकडे जाईल, किंवा टपरीवर चहा प्यायला. टपरीवर गेला तर तो खर्च पहिल्या रकान्यात लिही.

टिनं आणायला जाशील तेव्हा त्याला एकट्याला पाठवू नको, सोबत जा, पत्रा बोटानं दाबून बघ. आणि बसवून झाली की फीत त्यालाच कापू दे. दोन मिनिटं बोलू दे. सासूबाईंच्या हातात परात आधीच दे, नाहीतर त्या ऐनवेळी शोधत बसतील.

— काकू